विष्णुभट गोडसे

विष्णुभट गोडसे (वरसईकर) हे एकोणिसाव्या शतकातील कोकणातील एक भिक्षुक आणि ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे लेखक होत. ते सरदार, कारभारी किंवा सैनिक नव्हते. तरीही १८५७ च्या उठावाचे, विशेषतः झाशीच्या पाडावाचे, महत्त्वाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन त्यांनी मराठीत लिहून ठेवले.

पार्श्वभूमी

गोडसे हे पेणजवळील वरसई गावचे. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर भिक्षुकवर्गाचा मोठा राजाश्रय नाहीसा झाला. उत्तरेकडील मराठी संस्थानांकडून मात्र दानदक्षिणेची आशा उरली होती. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याचे कळताच, घरावरील कर्ज फेडण्याच्या हेतूने विष्णुभट १८५७ मध्ये काका रामभट यांच्यासह उत्तरेकडे निघाले.

प्रवास

महूजवळ भेटलेल्या शिपायांकडून त्यांना उठावाची पूर्वसूचना मिळाली. पुढे ते ग्वाल्हेरमार्गे झाशीस पोहोचले. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोझच्या सैन्याने घातलेला वेढा, नंतरची कत्तल व लूट यांतून ते बचावले. पण मिळवलेली दक्षिणा गेली. काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांची तहानलेल्या राणी लक्ष्मीबाईंशी भेट झाली. अखेर गंगेची कावड घेऊन ते गावी परतले. धन मात्र फारसे हाती लागले नाही.

ग्रंथ

चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून गोडसे यांनी १८८३ च्या सुमारास हा वृत्तान्त लिहिला. वैद्य यांनी तो भाषेत फेरफार करून १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. दत्तो वामन पोतदार यांनी संपादित केलेली मूळ संहिता १९६६ मध्ये प्रकाशित झाली.

ऐतिहासिक मूल्य

सुमारे पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिल्यामुळे ग्रंथातील तपशील इतर साधनांशी ताडून पाहावे लागतात. इंग्रजांनी धर्मबुडवी चौऱ्याऐंशी कलमे राजेरजवाड्यांपुढे ठेवल्याची हकीकत ही ऐकीव आहे. मात्र अशा वदंता लोकांना खऱ्या वाटत होत्या, हेच तिचे मोल. कोणत्या दिवशी सोनेनाणे, कोणत्या दिवशी भांडी, कापड वा धान्य लुटले गेले, याची गोडसे यांनी ठेवलेली नोंद सामान्य रहिवाशाने अनुभवलेले युद्ध दाखवते. सेनापतींच्या अहवालांत न येणारी ही बाजू या ग्रंथामुळे अभ्यासकांना उपलब्ध झाली.