वजनकाटा आणि बाईचे सुख

आमच्या वऱ्हाडात बाई अंगाने भरली, की 'सुखात आहे हो!' म्हणून तिचे कौतुक होते. आणखी थोडी भरली, की 'खाते तरी किती!' म्हणून थट्टा होते. अकोल्याच्या हळदीकुंकवात आणि अमरावतीच्या लग्नमांडवात ही दोन्ही वाक्ये मी ऐकली आहेत. तिची पाळी वेळेवर येते का, नवऱ्याजवळ जाताना तिला आपल्याच देहाचा संकोच वाटतो का, हे मात्र कुणी विचारलेले ऐकिवात नाही.

वैद्यकाचा इतिहासही फारसा निराळा नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाळी बिघडलेली, बीजकोश वाढलेले, काहींच्या अंगावर लव, काहींचा देह स्थूल. धागा तेव्हाच हाती आला होता. पण शस्त्रवैद्यांची नजर काट्यावरच राहिली. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत आतड्याचा मोठा भाग वगळण्याची रीत निघाली. वजन उतरले, पण जुलाब, मुतखडे आणि यकृताचा बिघाड मागे लागला. ती रीत पुढे टाकून द्यावी लागली. १९६६ साली आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याला जोडला. आजच्या अनेक शस्त्रक्रियांचे मूळ तेथे आहे.

चरबी हा नुसता साठा नव्हे, ती रसायने स्रवणारी ग्रंथीही आहे, हे १९९४ साली लेप्टिन सापडल्यावर ठसले. देह फार स्थूल झाला, की रक्तात इन्सुलिन वाढते आणि बीजकोशातून पुरुषी संप्रेरके जास्त स्रवू लागतात. वजन उतरले, की हा गुंता सैल होतो. पाळी पुष्कळदा नियमित होते, आणि वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या बाईला कधी अवचित दिवस जातात. म्हणून डॉक्टर शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भ टाळायला सांगतात. काही शस्त्रक्रियांनंतर पोटात घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका, असेही बजावतात.

आणि मनाचे, शय्येचे काय? डेव्हिड सार्वर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०६ स्त्रियांचा दोन वर्षांचा अभ्यास २०१४ साली छापला. वजन सुमारे तृतीयांशाने घटले होते. संप्रेरके, कामसुख आणि स्वतःच्या देहाविषयीची भावना यांत सुधारणा दिसली. अर्थात ही जादू नव्हे. सैल पडलेली त्वचा, लोह-कॅल्शियमची उणीव, क्वचित खिन्नता, हेही वाट्याला येते.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि स्त्रीचे कामसुख हा आरोग्याचाच भाग मानला. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आज विदर्भाचे नितीन गडकरी २०११ साली वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतात, तर ते वर्तमानपत्रांत उघड छापून येते. बाईला मात्र तीच गोष्ट सांगताना चारचौघांत खाली पाहावे लागते.

वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटाशी एखादी वहिनी बारीक झालेली दिसली, तर 'किती किलो उतरलीस?' असे विचारू नका. 'बरी आहेस ना?' एवढेच विचारा, आणि उत्तर ऐकायला थांबा.