पुतळीवरचे राम-सीता

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार नव्हे. पण स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी लिहाव्यात असा मंडळाचा आग्रह पडला, तेव्हा आपल्या दागिन्यांच्या डब्यातलाच इतिहास सांगावा असे ठरविले.

माझे माहेर शिरूरचे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी घोडनदीचे. तेथे आजीच्या फडताळात एका गाडग्यात तांब्याचे जाड पैसे होते. आम्ही मुली ते खेळायला घेत असू. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, भोवती बिंदूंची कड. चित्र नाही, राजाचा मुखवटा नाही. अक्षरे हेच त्याचे रूप. मुलुखात फारसी अक्षरांची नाणी चालत असता, १६७४ साली राज्याभिषेक करून घेणाऱ्या महाराजांनी आपल्या लिपीत नाणे पाडले. ही शिवराई पुढे इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांतून चालत राहिली. आमचे गाडगे मात्र एके वर्षी मोडीत गेले. त्याच्या वजनावर एक कळशी आली. तीही आता गळते.

सासर दौंडचे. सासूबाईंची एकवीस पुतळ्यांची माळ आहे. पुतळीवर दोन माणसे उभी दिसतात, मध्ये काठी. सासूबाई त्यांना राम-सीता म्हणतात व दसऱ्याला माळेस हळदकुंकू वाहतात. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी माळ मोडून बांगड्या करायचे ठरले. सराफाकडे न्यायच्या आदल्या रात्री लेकीने सहज भिंग लावले आणि म्हणाली, “आई, ही अक्षरे आपली नाहीत गं.”

तिने पुस्तके चाळून शोध घेतला. पुतळी हे मुळात इटलीतील व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे, डुकाट. १२८४ साली ते प्रथम पाडले. त्यावर संत मार्क उभे आहेत आणि व्हेनिसचा राज्यप्रमुख गुडघे टेकून त्यांच्या हातून निशाण घेत आहे. मागे ताऱ्यांच्या कोंदणात येशू ख्रिस्त. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. १७९७ साली नेपोलियनने ते राज्य बुडविले, तोवर पाचशे वर्षे नक्षी फारशी बदलली नाही. कारण ओळखीचे रूप पाहूनच परमुलुखातले व्यापारी ते नाणे विश्वासाने घेत. मिरी-मसाले व कापड यांच्या मोबदल्यात ते आपल्या किनाऱ्यास लागले, पेशवाईत चलनात खेळले आणि बायकांच्या गळ्यात आले. मागणी वाढली तशा आपल्याकडेही तशाच पुतळ्या घडू लागल्या. घडविणाऱ्याला परकी लिपी येत नव्हती, म्हणून अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा उमटल्या. आमच्या माळेत दोनच पुतळ्यांवर अक्षरे नीट लागतात. बाकीच्या येथल्याच असाव्यात.

हे सासूबाईंना सांगावे की नाही, याचा मला दोन दिवस घोर लागला. अखेर सांगितले. त्या काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षे हात जोडले ते वाया गेले का गं? तो परदेशचा राजादेखील देवमाणसापुढे गुडघे टेकूनच आहे ना? मग झालं तर!”

माळ मोडली नाही. बांगड्या चार होणार होत्या, त्या साठवणीच्या पैशांतून दोनच झाल्या. लेकीने एका शब्दाने कुरकुर केली नाही.

भगिनींनो, कोणाकडे शिवराई असेल, कोणाकडे राणीछाप रुपया, कोणाकडे १९५० सालचा गव्हाच्या लोंब्यांचा रुपया. अडचण कोणाला चुकत नाही. मोडू नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? एवढेच म्हणते की, मोडण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहा, आणि घरच्या मुलीला दाखवा. माझ्या आजीच्या गाडग्याकडे तसे कोणी पाहिले नव्हते.