पिझ्झा पार्टी, सोन्याचं घड्याळ आणि नागपूरची एम्प्रेस मिल



आजच्या एपिसोडची सुरुवात एका मेसेजपासून करते. आपल्या एका श्रोत्याचा आहे. वय सव्वीस, नुकताच टीम लीड झालाय. तो लिहितो, "ताई, टीममध्ये आठ जण आहेत. रोज कुणीतरी सुट्टीवर असतंच. दर महिन्याला पिझ्झा पार्टी करतो, वाढदिवसाला केक आणतो, तरी लोकांमध्ये उत्साह म्हणून नाही. मी नेमकं काय करू?"

मी काही मॅनेजमेंट गुरू नाही, हे आधीच सांगते. आपला विषय इतिहास. पण हा मेसेज वाचला आणि मला जवळपास दीडशे वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवला, ज्याच्यापुढे हाच प्रश्न होता. फरक इतकाच, की त्याची टीम आठ जणांची नव्हती, ती एक अख्खी कापड गिरणी होती. आणि ही गोष्ट घडली आपल्या नागपुरात.

नागपूरकरांनो, एम्प्रेस मॉल माहीतच असेल. गांधीसागर तलावाजवळचा. आज जिथे आपण शॉपिंगला जातो, त्या जागेवर एम्प्रेस मिल होती. गांधीसागरला तेव्हा जुम्मा तलाव म्हणत, शुक्रवारी तलावही म्हणत. त्याच्या काठच्या दलदलीच्या जमिनीवर जमशेदजी टाटांनी गिरणी काढायचं ठरवलं.

तेव्हा कापड गिरणी म्हटलं की मुंबई, असंच समीकरण होतं. जमशेदजींनी वेगळा हिशेब केला. कापूस पिकतो वऱ्हाडात, रेल्वे 1867 मध्येच नागपूरला पोचलेली, कोळसाही फार लांब नाही. मग कापूस मुंबईला न्यायचा आणि कापड परत इकडे आणायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला? 1874 मध्ये कंपनी उभी राहिली. असं सांगतात, की भांडवल मागायला ते नागपुरातल्या एका सावकाराकडे गेले, तर त्याने साफ नकार दिला. दलदलीत भर घालणं म्हणजे जमिनीत सोनं पुरणं, असं त्याचं मत. पुढे गिरणी चांगली चालल्यावर त्याच सावकाराने कबूल केलं म्हणे, की या माणसाने जमिनीत माती घातली आणि सोनं काढलं!

1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल.

यंत्रं आली, इमारत झाली, कापूस दारात. आणि मग लक्षात आलं, की माणसंच येत नाहीत.

म्हणजे कामावर घेतलेली माणसं होती. पण रोज साधारण वीस टक्के गैरहजर. शंभरातले वीस! कधी घरात लग्न, कधी सण, कधी बाळंतपण. आणि यात त्या लोकांचं काही फार चुकत होतं असं मला वाटत नाही. विचार करा, पिढ्यान् पिढ्या ज्यांचं आयुष्य ऊन-पावसाच्या तालावर चाललं, त्यांना अचानक भोंग्याच्या तालावर चालायला सांगितलं. गिरणी त्यांना आपली वाटावी असं तिथे होतं तरी काय?

त्या काळच्या मालकांकडे यावर ठरलेलं औषध होतं. दंड. उशीर झाला, दंड. सूत खराब निघालं, दंड. नाही आला, पगार कापा. फारच झालं तर हाकलून द्या, दारात दुसरे उभे आहेतच. मुंबईच्या गिरण्यांत हे सर्रास चालायचं.

जमशेदजींनी आणि त्यांचे मॅनेजर बेझनजी दादाभाई मेहता यांनी दुसरी वाट धरली. हे बेझनजीही गंमतशीर निवड. त्यांना कापडाचा अनुभव शून्य. ते रेल्वेच्या माल खात्यातून आले होते. पण माणसं आणि काम हाताळण्याची त्यांची हातोटी जमशेदजींनी हेरली आणि गिरणी त्यांच्या हाती सोपवली. यंत्रांची माहिती असणारा तंत्रज्ञ सोबत दिला, आणि विश्वास टाकला. पहिला धडा इथेच मिळतो बघा. ज्या लीडरवर वरून कुणी विश्वास टाकत नाही, तो खालच्यांवर काय टाकणार?

मग त्यांनी काय काय केलं?

एक, बक्षीस समारंभ. गिरणीत खेळांचे दिवस ठेवले, कामगारांच्या कुटुंबांना बोलावलं. आणि बक्षिसं कशी? सोन्याची घड्याळं, सोन्याच्या साखळ्या, रोख रकमेच्या थैल्या! क्षणभर डोळ्यांपुढे आणा. ज्याला मुकादमाने कालपर्यंत फक्त ओरडूनच हाक मारली, त्याचं नाव आज सगळ्यांसमोर पुकारलं जातंय. बायको बघतेय, पोरं बघतायत. घड्याळाची किंमत मोठी होतीच, पण घरच्यांसमोर मिळालेला मान घड्याळात मोजता येत नाही.

दोन, कामाच्या जागेतला त्रास कमी करणं. नागपूरचा उन्हाळा मी तुम्हाला सांगायला नको. त्यात कोरडी हवा. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, आणि तुटलं की ते जोडायचं काम कामगाराचं. म्हणजे आधीच घामाघूम, वर दिवसभर तीच कटकट. एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओलावा राखणारी यंत्रं बसवली, आग विझवण्यासाठी पाण्याच्या फवाऱ्यांची सोय केली. आपल्याकडच्या गिरण्यांत हे तेव्हा नवलच होतं. यात मालकाचा फायदा होताच, सूत चांगलं निघायचं. पण मालकाचा फायदा आणि कामगाराचा आराम एकाच यंत्रात साधत असेल, तर त्यात वाईट काय?

तीन, उद्याची काळजी. 1886 मध्ये गिरणीत पेन्शन फंड सुरू झाला. 1895 पासून अपघातात जखमी झालेल्या कामगाराला भरपाई मिळू लागली. आता तारखांकडे नीट बघा. कामगारांना अपघात भरपाई द्यायचा कायदा देशात आला 1923 मध्ये. म्हणजे कायद्याच्या तब्बल अठ्ठावीस वर्षं आधी. बोट गेलं तर घर उघड्यावर पडणार नाही, हे माहीत असलेला माणूस यंत्रापुढे वेगळ्या मनाने उभा राहतो.

इथपर्यंत ऐकून वाटेल, वा! काय थोर मालक! एपिसोड संपला.

थांबा. गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही, तर तो इतिहास राहत नाही, जाहिरात होते.

भारतातल्या कामगार चळवळीचा इतिहास उघडा. अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांमध्ये एक नाव येतं. साल 1877, कारण मजुरीचे दर, आणि ठिकाण? नागपूरची एम्प्रेस मिल! ज्या वर्षी गिरणी सुरू झाली, त्याच वर्षी विणकर काम थांबवून उभे राहिले. ना युनियन, ना कायद्याचं संरक्षण. तरी थांबले.

पुढे झालेल्या योजना या संपामुळेच आल्या, असं मी म्हणणार नाही. तेवढा सरळ धागा जोडता येत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे. कामगार आळशी आहेत, त्यांना कामात रस नाही, असं म्हणणाऱ्यांना त्या विणकरांनी उत्तर दिलं होतं. त्यांना रस होता. आपल्या कामाचं मोल काय, यात त्यांना भरपूर रस होता.

आणि हे फक्त नागपुरात नव्हतं. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना एकत्र करत होते. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या. काय होत्या मागण्या? आठवड्यातून एक दिवस, रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार वेळेवर. आणि कामावर इजा झाली, तर बरं होईपर्यंत पगार.

ऐका पुन्हा. अर्धा तास विश्रांती. वेळेवर पगार. यात सोन्याचं घड्याळ कुठेही नाही! 1890 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी दहा वाजेपर्यंत लोळतो ना, त्यामागे ही लढाई आहे.

तर आपल्या टीम लीड मित्रा, आता तुझ्याकडे वळते.

तुझ्या मेसेजमध्ये खाली एक ओळ होती, ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. तू लिहिलंयस, "तसं आम्ही रोज रात्री नऊपर्यंत थांबतो, पण ते सगळीकडेच चालतं." अरे, उत्तर तूच लिहिलंस की! जो माणूस रोज नऊला निघतो, त्याला महिन्यातून एकदा पिझ्झा म्हणजे अजून एक तास ऑफिसात.

आधी लोखंड्यांची यादी बघ. वेळेवर सुट्टी, मधे श्वास घ्यायला वेळ, कामाचा योग्य मोबदला, आजारपणात आधार. यातलं सगळं तुझ्या हातात नसेल, मान्य. पण सातची मीटिंग चारला घेणं तुझ्या हातात आहे. सुट्टीवर असलेल्याला फोन न करणं तुझ्या हातात आहे. पगारवाढीच्या वेळी वरच्यांशी टीमसाठी भांडणं, तेही थोडंफार तुझ्याच हातात आहे.

मग नागपूरची यादी बघ. तुझ्या टीमचं सूत रोज कुठे तुटतं? बंद पडणारा लॅपटॉप असेल, तीन जणांची परवानगी लागणारा एखादा फॉर्म असेल. ती एक कटकट शोध आणि दूर कर. चांगलं काम केलं तर नाव घेऊन सांग, चारचौघांत सांग, आणि नेमकं काय चांगलं केलं ते सांग. आणि कुणी रोज गैरहजर राहत असेल, तर दंडाआधी कारण विचार.

एवढं झालं, की मग खुशाल पिझ्झा मागव. तेव्हा तो गोडही लागेल.

एम्प्रेस मिल 1986 मध्ये टाटांकडून राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये कायमची बंद पडली. भोंगा थांबला. पण नागपुरात अजूनही अशी घरं आहेत, जिथे आजोबा-पणजोबांची ओळख "ते एम्प्रेसमध्ये होते" अशीच करून दिली जाते. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना बोलतं करा. पगाराचं विचारा, भोंग्याचं विचारा, संपाचंही विचारा. आपल्या इतिहासाची अर्धी पानं अजून त्यांच्याकडेच आहेत.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर वेळेवर घरी जा!