मंगळवारची मिस्सा, भंवरकुआं

भंवरकुआं चौकात रिक्षावाल्याला आम्ही नुसते "चर्च" म्हणालो आणि त्याने आम्हांला व्हाइट चर्चपाशी नेऊन सोडले. त्याची काही चूक नव्हती. इंदूरमध्ये चर्च म्हटले की लोकांना आधी तेच आठवते. इंग्रज रेसिडेन्सीच्या काळातले ते अँग्लिकन मंदिर, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. या शहरात आपल्याआधी इतर ख्रिस्ती पंथ रुजले होते. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ साली काढले. कॅथलिकांचा इंदूर हा स्वतंत्र मिशन-प्रांत मात्र १९३५ साली झाला, आणि धर्मप्रांत १९५२ साली. डिव्हाइन वर्ड संस्थेच्या धर्मगुरूंनी तो उभा केला.

मुलीला फोन केला. ती हसली आणि रिक्षावाल्याला नीट पत्ता सांगितला. ती खंडवा रोडवरच्या विद्यापीठात शिकते आणि भंवरकुआंला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दिवाळीपासून तिने मिस्सेला जाणे सोडले होते. कारण विचारले तर म्हणे, "सगळं हिंदीत असतं मम्मी. काय बोलायचं कळत नाही, नुसती उभी राहते आणि बसते. पाहुण्यासारखं वाटतं." वसईत लहानपणापासून मराठी मिस्सेत वाढलेल्या पोरीचे हे बोलणे आम्हांला लागले. म्हणून ठरवले, रविवारच्या गर्दीत नको, आपण तिघे मिळून एखाद्या साध्या वारी जाऊ. दिवस मिळाला २५ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. तारखेचा विचार तेव्हा आमच्या डोक्यात नव्हता.

मिस्सा संध्याकाळची होती. दारात चपलांची रांग पाहूनही आम्ही बुटांसह आत निघालो, तेव्हा मुलीने कोपर मारले. आत वीस-पंचवीस माणसे होती. काही सिस्टर्स, एक-दोन म्हातारी जोडपी, आणि मागे पाठीवर सॅक असलेली, बहुधा क्लासमधून थेट आलेली मुले. कोणीच ओळखीचे नाही. वेदीजवळ परमप्रसादाचा दिवा तेवढा ओळखीचा.

साध्या वारी, संध्याकाळी, कामावरून किंवा कॉलेजातून येऊन मिस्सेत बसावे आणि कम्युनियन घ्यावे, हे आज आपल्याला अगदी नेहमीचे वाटते. आमच्या आजीच्या तरुणपणी ते शक्यच नव्हते. दुपारी एकनंतर मिस्सा सुरू करता येत नसे. कम्युनियन घ्यायचे तर मध्यरात्रीपासून उपास, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. १९०५ साली पोप दहावे पायस यांनी भाविकांनी वारंवार, अगदी रोजही, कम्युनियन घ्यावे असे फर्मान काढले. त्याआधी बहुतेक लोक वर्षातून मोजक्या वेळा घेत. पण फर्मान निघाले तरी उपासाची अट होतीच. शेतात किंवा गिरणीत राबणाऱ्या माणसाने रोज ती कशी पाळायची? पाण्याने उपास मोडत नाही हे १९५३ साली ठरले, आणि संध्याकाळच्या मिस्सेला परवानगी देण्याचा अधिकारही त्याच वर्षी बिशपांना मिळाला. १९५७ साली उपास तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. त्या मागच्या बाकावरच्या मुलांनी चारला समोसा खाल्ला असेल तरी ती सहाला वेदीपुढे येऊ शकत होती, ती या साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कागदांमुळे.

भाषेचेही तसेच. मिस्सा लॅटिनमध्ये चालायची आणि आजी बाकावर बसून रोझरी म्हणायची. पाहुणी तर तीसुद्धा होती, तेही स्वतःच्या गावच्या चर्चमध्ये! हे मुलीला आम्ही नंतर सांगितले तेव्हा तिला खरे वाटेना. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत केला आणि लोकभाषांना दार उघडले. त्या काळात इंदूरचे बिशप होते फ्रान्सिस सायमन्स, मूळचे डच. पुढे २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा बदल मान्य केले. पादत्राणे काढणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, आरती, तेलाचे दिवे, शांतीची खूण म्हणून नमस्कार. दारातली ती चपलांची रांग त्या यादीत बसते. (आमच्या वसईत यातले सगळे काही उतरले नाही. यावर आमच्याकडे अजून वाद होतात, तो विषय वेगळा.)

पहिले वाचन सुरू झाले आणि मुलगी चमकून आमच्याकडे पाहू लागली. वाचणारी सिस्टर म्हणाली, "प्रवक्ता-ग्रंथ". मुलीला टीव्हीवरचे पक्षांचे प्रवक्ते आठवले. ते सिराखचे पुस्तक, हिंदीत त्याचे नाव असे आहे. हिंदी बायबल म्हटले की बेल्जियमहून आलेले येशूसंघीय फादर कामिल बुल्के यांचे नाव येते. रामकथेवर अलाहाबादला प्रबंध लिहिणारे आणि नवा करार हिंदीत आणणारे. हिंदी भाषकांनीही त्यांची हिंदी आदराने वाचली. ते बायबल छापणारी सत्प्रकाशन ही संस्था याच इंदूरची.

वाचन मात्र आम्हांला ओळखीचे होते, कारण सकाळीच मोबाइलवर ते मराठीत वाचले होते. देवाच्या सेवेला निघालेल्याने परीक्षेची तयारी ठेवावी, असा त्याचा आशय. शुभवर्तमान मार्कचे. आपल्यात मोठा कोण यावर शिष्य वाद घालतात आणि येशू एका लहान मुलाला मध्ये उभे करतो. त्या दिवशी आमच्या धर्मग्रामातही हेच वाचले गेले. १९६९ पूर्वी असे नव्हते. उपासकाळ सोडला तर साध्या वारांना स्वतःची वाचने नसत. रविवारचीच पुन्हा वाचत, किंवा काळ्या झग्यातली मृतांसाठीची मिस्सा होई. मंगळवारलाही स्वतःचे शुभवर्तमान मिळाले ते त्या वर्षीच्या नव्या वाचनक्रमात.

प्रवचनात फादरांनी तारखेचा उल्लेख केला आणि आम्ही सावरून बसलो. २५ फेब्रुवारी १९९५. त्या दिवशी सिस्टर राणी मारिया उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये बसल्या. वाटेत नाचनबोरच्या डोंगराळ भागात समुंदर सिंग याने त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले, पन्नासहून जास्त. वय एक्केचाळीस. आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवणे, बँकेचे कर्ज आणि सरकारी योजना त्यांच्यापर्यंत पोचवणे, हे त्यांचे काम होते. ते ज्यांच्या पोटावर आले त्यांनी हे करवले. धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. तो २००६ साली सुटला आणि पुढे केरळात त्यांच्या आईला भेटून आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी याच शहरात, सेंट पॉल शाळेच्या मैदानावर, राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले.

हे सारे आम्ही पूर्वी वाचलेले होते. नवीन होते ते आमच्या शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहताना सुचलेले. राणी मारिया केरळातल्या पुल्लुवळीच्या, सिरो-मलबार परंपरेतल्या. १९६२ पर्यंत, म्हणजे त्यांच्या बालपणी, तिथली मिस्सा सिरियाक भाषेत होती, मग मल्याळममध्ये आली. १९७५ साली त्या उत्तर प्रदेशात बिजनौरला आल्या, तिथून सतना भागात, आणि १९९२ साली उदयनगरला. ज्या बायांच्या कर्जाचे कागद त्या लिहीत, त्यांची भाषा त्यांना आईकडून मिळालेली नव्हती. हिंदी त्या इथे येऊन शिकल्या.

शांतीच्या वेळी पुढच्या बाकावरची म्हातारी वळली आणि तिने मुलीला हात जोडले. मुलीनेही जोडले, थोडे उशिरा. कम्युनियननंतरच्या प्रार्थनेत ती बाकावरचे हिंदी कार्ड बोटाने धरून वाचत होती, एका शब्दाला अडखळली, मग पुढे गेली.

बाहेर चपला शोधताना ती सूचनाफलकापाशी थांबली. गुरुवारी तिचा क्लास लवकर सुटतो म्हणे. फोन काढून तिने गुरुवारच्या मिस्सेची वेळ टिपून घेतली.