शब्दवेध : पांढरी

संस्कृत ‘पाण्डुर’वरून मराठीत ‘पांढरा’ आला आणि पांढऱ्यावरून गावठाणाचं नाव पडलं : पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे राहायची. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचते. वस्तीची जागा फिकट, भुरभुरीत होते. नंदुरबार जिल्ह्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशा गावाचं टेकाड असंच चढत गेलं. १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी ते खणलं. तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती आणि रंगवलेली खापरं निघाली. त्यावर लोहयुगाचे थर. आज ‘दक्षिण काशी’ म्हणून भाविक प्रकाशाला येतात, तेव्हा पायाखाली तीन हजार वर्षांहून जुनी पांढरी असते. तुमच्या गावची पांढरी घराच्या धाब्यावर टाकायला उकरण्याआधी तीत खापर दिसतंय का, तेवढं पाहा.