सांगड

आष्टीच्या माणसानं होडीवर लिहायचं म्हंजे लोक हसणारच. आमच्याकडं टँकरच्या वाटेवर घागरी ओळीनं बसतात. पण सीना आमच्या शिवेवरून, नगर आणि बीडच्या मधून जाते, आणि भरली तरी पलीकडं जावंच लागायचं. आजी सांगायची, मोठाले वाळलेले भोपळे चौकटीला आवळून बांधायचे नि वर माणूस बसवायचा. ती सांगड. शहरातला प्राध्यापक परंपरेची नि नवतेची सांगड घालतो, तेव्हा आपल्या बुडाखाली भोपळे आहेत हे त्याच्या गावीही नसतं. उतारावर आधी वाड्यातली माणसं, मग गाव, आपली सगळ्यात शेवटी. तेवढ्यात पाणी चढलं तर रात्र अलीकडच्याच काठावर.

खरी लाकडाची होडी कोकणातली. आंब्याचं एकसंध खोड घ्यायचं, वाकसानं आतून कोरत न्यायचं. जास्त कोरलं तर बूड फुटतं, कमी कोरलं तर होडी जड होऊन वल्ह्याला दाद देत नाही. मोजपट्टी नाही, हात सांगतो तेवढंच. अरुंद होडी कलंडू नये म्हणून एका अंगाला दोन आडव्या दांड्यांनी तरंगता ओंडका बांधतात, ती उलांडी. मालवणकडच्या रापणीच्या मोठ्या होडीची तर गंमतच. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्यानं शिवलेल्या! कडेला भोकं पाडायची, सांध्यावर काथ्याची वळी ठेवायची, ओढून टाके घालायचे, वरून तेल चोपडायचं. लाटेनं वाळूवर आपटली तर शिवण थोडी लवते. खिळा लवत नाही, फळीच फाडतो. काथ्या कुजला की उसवायचं नि पुन्हा शिवायचं. आता फायबर आलं, हे शिवणारे हात कमी झाले.

देशावरच्या नद्यांची तऱ्हा निराळी. १५२० च्या सुमारास दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज विजयनगरला आला. तुंगभद्रेवर त्यानं टोपलीसारख्या गोल नावा पाहिल्या. आतून वेत, बाहेरून कातडं. पंधरा-वीस माणसं मावायची, वेळ पडली तर घोडे-बैलही. घोडे त्यानं टिपले. कातडं कुणी सोललं, कुणी कमावलं, ते नाही टिपलं. मेलेलं ढोर ओढणारा हात विटाळाचा, आणि त्याच कातड्यात बसून सरदार कोरडा पार!

पाण्याची वाट एकदा आपल्याही कामी आली. महाडच्या दुसऱ्या परिषदेला धरमतरचे मोटारवाले आपल्या माणसांना घेणार नाहीत अशी चिन्हं होती. म्हणून २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले. ती काही वल्ह्याची होडी नव्हे. दुसऱ्या दिवशी सावित्रीकाठच्या दासगाव बंदरावर उतरले. दासगावच का? तिथून महाड पाचेक मैल. मोटार नाहीच मिळाली तर पायी जाता येत होतं.