गाठ काढायची की पिशवी?

‘अंगावरून जास्त जातंय’ ही तक्रार गावोगावच्या बायका वर्षानुवर्षं अंगावरच काढतात. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते; आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के!

अशा रक्तस्रावाचं एक कारण म्हणजे गर्भाशयातल्या स्नायूंच्या गाठी. त्या बहुधा कर्करोगाच्या नसतात. शेंगेतून दाणा सोलावा तशी गाठ सोलून काढता येते. मग पिशवीच काढण्याची रीत का पडली?

अडचण होती रक्ताची. गर्भाशयाला मोठ्या रोहिण्या रक्त पुरवतात. 1840च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅटली बंधूंनी पोट उघडून गाठ काढली, पण असं धाडस करणारे थोडेच. 1853 साली वॉल्टर बर्नहॅम यांनी बीजकोशाची गाठ समजून एका स्त्रीचं पोट उघडलं. तिला उलटी झाली आणि गाठीसकट गर्भाशय बाहेर आलं. ते आत जाईना, म्हणून काढावं लागलं. ती वाचली!

पुढे लंडनच्या व्हिक्टर बॉनी यांनी गर्भाशयाच्या रोहिण्या तात्पुरत्या दाबून धरणारा चिमटा तयार केला. रक्त थांबलं की गाठी सावकाश सोलायच्या आणि पोकळी शिवून टाकायची. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय गाठींमुळे काढावं लागलं होतं. त्यांना मूल झालं नाही. गर्भाशय वाचवण्याचा त्यांचा आग्रह यातून समजतो.

गोव्यात जन्मलेल्या, मुंबईत काम केलेल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांचा 1955चा टाकाही याच विचाराचा. गर्भाशयाचं तोंड अकाली उघडून गर्भपात होत असेल, तर ते बांधून गर्भ राखायचा.

तंत्र असूनही ते पोचतं का? 2019 साली बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सरकारी पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कारणं अनेक होती, पण प्रश्न उरतोच: दुसरे उपाय त्यांना कुणी सांगितले होते का?

त्रास न देणाऱ्या लहान गाठींना बहुधा काहीच करावं लागत नाही. पाळी गेल्यावर त्या अनेकदा आक्रसतात. काही वेळा पिशवी काढणं योग्यही असतं. भातसानगरच्या शाळेत असो की मुरबाडच्या, प्रजननसंस्थेची आकृती फळ्यावर काढताना एवढं जरूर सांगावं. उद्या हीच मुलगी आईबरोबर दवाखान्यात जाईल आणि विचारेल, ‘‘डॉक्टर, नुसती गाठ काढता येणार नाही का?’’